विषय नाही, म्हणून मीटिंग

मी मीटिंगच्या बाजूचा माणूस आहे. आजच्या काळात चारचौघांत असे बोलणे म्हणजे ढेकणांची बाजू घेण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. "एवढ्यासाठी मीटिंग कशाला? एक मेल केला असता तरी भागलं असतं," असे म्हणणारा माणूस हल्ली कोणत्याही कचेरीत कार्यक्षम समजला जातो, आणि मीटिंग बोलावणारा रिकामटेकडा. गेली तीन वर्षे तो रिकामटेकडा मी आहे. तेव्हा हा लेख निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो. निःपक्षपाती काही वाचायचेच असेल तर पंचांग वाचावे असे म्हणणार होतो. पण तिथेही दर पंधरा दिवसांनी पक्ष बदलतो.

मनीषनगरात राहणाऱ्या माणसाला नियमित मीटिंगचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही, कारण आमच्या आयुष्याचा बराच भाग रेल्वेच्या फाटकावर गेला आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या नागपुराहून वर्ध्याच्या बाजूला याच रुळांवरून जातात. म्हणजे देशात कुणालाही कुठेही जायचे असले, तरी फाटक आमचे बंद. फाटकापाशी स्कूटर बंद करून उभे राहिले की डावीकडे विमा एजंट, उजवीकडे शाळामास्तर, पुढे दूधवाला. कुणाची मुलगी बारावीला आहे, कुणाकडे बोअर आटली, कोणत्या डॉक्टरकडे जाऊ नये, ही सगळी माहिती मला फाटकाने दिली. त्या सभेला विषयपत्रिका नव्हती, अध्यक्ष नव्हता, आणि "मला त्या वेळी जमणार नाही" असे म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पुढे पूल झाला, खालून रस्ता झाला, फाटकाची सद्दी संपली. आमचा प्रत्येकी रोजचा पाव तास वाचला. त्या पाव तासात कुणी काही ग्रंथ लिहिल्याचे ऐकिवात नाही. मात्र समोरच्या गल्लीतले एक गृहस्थ वारल्याचे मला तेराव्याच्या दिवशी कळले.

हे मनात ठेवून पुढचे वाचावे.

आमचे काम असे. विदर्भात पाऊस कुठे, कधी, किती पडेल याचा तालुकावार अंदाज संगणकावर बांधायचा आणि तो कपाशी-सोयाबीनवाल्यांच्या कामी येईल असा करायचा. यात संस्था पाच : नागपूरची आमची, पुण्याची एक, विदर्भातल्याच एका जिल्ह्याच्या गावचे कॉलेज, एक इंग्लंडातली आणि एक अमेरिकेत कोलोरॅडोतली. नावे सांगत नाही. पाचही ठिकाणची माणसे भली आहेत आणि मला निवृत्तीला अजून चार वर्षे आहेत. मी शास्त्रज्ञ नव्हे. आस्थापना विभागातला, रजेचे अर्ज आणि सेवापुस्तके सांभाळणारा माणूस. पण साहेब म्हणाले, "ऑफिसचा गणपती दरवर्षी तुम्हीच बसवता ना? मग हेही तुम्हीच बसवा." अशा रीतीने मी आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक सहकार्याचा समन्वयक झालो.

पहिले काम, सर्वांना सोयीची वेळ शोधणे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 2024 साली 'अर्का' नावाचा महासंगणक बसला. त्याची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला पावणेबारा हजार लाख कोटी आकडेमोडी. अकरा माणसांना पंधरवड्यातून एक तास एकत्र बसता येईल अशी वेळ काढायला मला तीन आठवडे लागले, आणि ती निघाली नाहीच. ती नसतेच. सर्वांना सोयीची वेळ म्हणजे ज्याच्या हातात पैसा त्याच्या सोयीची वेळ, हे मला पहिल्याच महिन्यात कळले. कोलोरॅडोत सकाळचे आठ, इंग्लंडात दुपारचे तीन आणि आमच्याकडे संध्याकाळी साडेसात, मंगळवार, असे ठरले. साडेसात म्हणजे मनीषनगरात कुकर लावायची वेळ. आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या रॉकी पर्वतापर्यंत पोचल्या आहेत.

बरे, ठरले म्हणजे ठरले असेही नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे ढकलतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. इंग्लंडातही हाच उद्योग चालतो, पण तिथे मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा. आपण काहीच करत नाही. तरीही हिवाळ्यात आमची मीटिंग आपोआप साडेआठला जाते, उन्हाळ्यात साडेसातला येते, आणि मधल्या काही आठवड्यांत इंग्लंडचे गृहस्थ अख्खा तास उशिरा, मीटिंग संपल्यावर, प्रसन्न चेहऱ्याने हजर होतात. शिवाय आपला तो अर्धा तास! साडेपाच तासांचा फरक कोलोरॅडोवाल्यांना अजून पचलेला नाही. "अर्धा कसा?" असे त्यांच्यापैकी एका बाईंनी मला तीनदा विचारले. मी सांगितले, आमची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. नागपूर त्याच्या पश्चिमेला, एकोणऐंशीच्या आसपास. म्हणजे आमचा सूर्य घड्याळाच्या सुमारे 14 मिनिटे मागे चालतो. नागपूरचा माणूस सात चव्वेचाळीसला आला तर सूर्याच्या हिशेबाने तो अगदी वेळेवर आला, असा मुद्दा मी मांडला. तो इतिवृत्तात घेतला गेला नाही.

वेळेच्या बाबतीत माणसे हट्टी असतात, यात नवे काही नाही. 1906 साली देशाची एक प्रमाणवेळ झाली, तेव्हा मुंबईकरांनी कडाडून विरोध केला. मुंबईची स्वतःची वेळ 39 मिनिटे मागे होती आणि ती त्यांनी 1955 पर्यंत मिरवली. जवळजवळ पन्नास वर्षे एकाच शहरात दोन वेळा! आणि आमच्याकडे मात्र मंगळवारी संकष्टी आली की सौ. भिंतीवरचे 'कालनिर्णय' बघते, नागपूरचा चंद्रोदय बघते, पुण्याच्या जावेचा बघते, मुंबईच्या नणंदेचा बघते, आणि कोण किती वाजता उपास सोडणार हे तोंडपाठ सांगते. तिला कुणी समन्वयक म्हटलेले नाही.

असो. मुख्य मुद्दा वेळेचा नाही. तो पुण्याच्या प्राध्यापकांचा आहे.

हे प्राध्यापक विद्वान आहेत, मितभाषी आहेत आणि त्यांना वेळेची किंमत आहे. स्वतःच्या. एका जानेवारीत त्यांनी प्रस्ताव मांडला : "ज्या पंधरवड्यात विषय नसेल त्या पंधरवड्यात बैठक रद्द करावी. प्रत्येकाचा तास वाचेल. काही असलंच तर मेलवर कळवावं." ऐकायला किती सोज्ज्वळ! कोलोरॅडोने मान डोलावली, इंग्लंडने डोलावली. मीही डोलावली, कारण माझा वरणभात गरम मिळणार होता. मग मी दर दुसऱ्या सोमवारी मेल पाठवू लागलो : "काही विषय असल्यास कळवावे." उत्तरे शून्य. विषय नाही, बैठक रद्द. फेब्रुवारीपासून ओळीने सहा बैठका रद्द झाल्या. आमचे सहकार्य इतके सुरळीत चालले होते, की कुणी कुणाशी बोलत नव्हते.

सातवी बैठक मेमधली. बाहेर पारा पंचेचाळिसावर, घरात कूलर हेलिकॉप्टरसारखा चाललेला. मी दुपारीच रद्द केल्याचा मेल लिहिला आणि धाडला. तो मी फक्त स्वतःलाच धाडला होता, हे मला माहीत नव्हते. मला तो ताबडतोब मिळाला. मी वाचला, समाधान पावलो आणि संध्याकाळी तर्री-पोहे खायला बाहेर पडलो. सात पस्तीसला फोन. "अहो, आम्ही सगळे जमलोय. तुम्ही कुठे आहात?"

घामाघूम परत येऊन बसलो. विषय नव्हताच. माणसे मात्र आली होती आणि आल्यावर लगेच उठणे बरे दिसत नाही, म्हणून इकडचे तिकडचे सुरू झाले. कोलोरॅडोच्या बाई सहज म्हणाल्या, की त्यांचा गट सात महिने एकाच गोष्टीवर झटतो आहे : आपले मॉडेल पाऊस एक दिवस आधी पाडते. विदर्भात नोंद बुधवारची, आणि मॉडेल म्हणते मंगळवार. त्यासाठी त्यांनी मॉडेलमधल्या ढगांचे भौतिकशास्त्र बदलत आणले होते, ढगांना जरा आळशी केले होते, आणि जूनपासून तेच मॉडेल सल्ल्यासाठी वापरायचे ठरत होते.

तेव्हा जिल्ह्याच्या कॉलेजातला तो पोरगा बोलला. दोन वर्षांत त्याचा आवाज मी दोनदा ऐकला होता, दोन्ही वेळा "हजर". तो म्हणाला, "सर, एक विचारू का? तुम्ही पावसाचा दिवस कधीपासून धरून राहिले?"

कुणाला प्रश्नच कळला नाही.

"नाही म्हणजे, आमच्या कॉलेजातलं पर्जन्यमापक मीच वाचतो. सकाळी साडेआठला. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस, आणि तो आजच्या तारखेला लिहितो. हवामान खात्याचा नियमच आहे न तो."

कोलोरॅडोत शांतता पसरली. तिथला मॉडेलचा दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. मंगळवारी संध्याकाळी पाचला नागपुरात धो धो पाऊस पडला, तर मॉडेलच्या खात्यात तो मंगळवारचा. इथे तो बुधवारी सकाळी मोजला जातो आणि बुधवारच्या नावावर लागतो. फक्त पहाटे साडेपाच ते साडेआठ, या तीन तासांत पडणारा पाऊस दोन्ही वह्यांत एकाच तारखेला येत होता, म्हणून तर चूक सरळ दिसत नव्हती. मॉडेलच्या ढगांत काही बिघाड नव्हता. आमचे दिवस वेगळे होते. एकादशी स्मार्त की भागवत, यावरून आमच्या घरी दर वर्षी होते तीच गोष्ट.

गंमत पुढे आहे. पुण्याचे प्राध्यापक म्हणाले, "हो, हे तर सर्वांनाच माहीत आहे." त्यांना खरोखरच माहीत होते! हवामानाच्या क्षेत्रातल्या इथल्या प्रत्येकाला ते माहीत असते, म्हणूनच आकड्यांच्या फायलीवर ते लिहायचे कुणाला सुचले नव्हते. ती फाईल पुण्याहून कुण्या विद्यार्थ्यामार्फत कोलोरॅडोला गेली आणि तारखांच्या रकान्यावर तारीख एवढेच लिहिलेले होते.

जूनमध्ये ते आळशी ढगांचे मॉडेल गावोगाव गेले असते तर काय झाले असते? कपाशीवर फवारणी करायची तर पुढचे काही तास कोरडे लागतात. सल्ला आला असता, पाऊस बुधवारी. शेतकऱ्याने उसनवारी करून आणलेले औषध मंगळवारी सकाळी फवारले असते आणि मंगळवारी संध्याकाळी ते नाल्यात गेले असते. मग त्याने आम्हां पाच संस्थांना उद्देशून जे शब्द वापरले असते, ते इतिवृत्तात घेता आले नसते.

आता वाचकहो, मला सांगा, हा मेल कुणी केला असता? ज्याला माहीत होते त्याला वाटत होते, सर्वांना माहीत आहे. ज्याला माहीत नव्हते त्याला आपल्याला काही माहीत नाही हेच माहीत नव्हते. आणि ज्या पोराला शंका होती, त्याला वाटले, एवढे मोठे लोक, त्यांनी हिशेब केलाच असणार. चार पीएच.डी. आणि दोन गोऱ्या पाहुण्यांना उद्देशून "तुम्ही सात महिने चुकता आहात" असा मेल जिल्ह्याच्या गावचा पोरगा लिहील? मी पंचवीस वर्षे कचेरीत काढली; साहेबाच्या नावात चूक झाली तरी मी ती तशीच टाईप करतो. पण रेंगाळलेल्या, विषय नसलेल्या मीटिंगमध्ये, सगळे जरा सैल बसलेले असताना, "एक विचारू का" एवढे तो म्हणू शकतो. मेलमध्ये "एक विचारू का" म्हणता येत नाही. तिथे विचारावेच लागते.

प्राध्यापकांचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण त्यांनी ते दिले. "मग हा विषय आधी विषयपत्रिकेवर घ्यायला हवा होता." माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. विषयपत्रिका म्हणजे आपल्याला काय माहीत नाही हे ज्यांना आधीच माहीत आहे, त्यांनी केलेली यादी. बाकीचे विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे' असतात, आणि अध्यक्षच रद्द झाले तर ते येणार कुठून? आणि जो तास वाचला म्हणता, तो दाखवा. रद्द झालेल्या सहा मंगळवारी मी काय केले याची मी प्रामाणिक नोंद देतो : चार वेळा क्रिकेट, एकदा मेहुण्याशी भांडण, एकदा काही नाही.

काही मीटिंगा खरोखर बंद कराव्यात अशाच असतात, हे मी नाकबूल करत नाही. जिथे एक माणूस आधी पाठवलेला कागद वाचून दाखवतो आणि बाकीचे माना डोलावतात, ती मीटिंग नव्हे, ती पोथी. पण पोथी वाईट म्हणून भजन बंद करा, हा कुठला न्याय?

विज्ञानात तर हे अधिकच लागू आहे. 14 सप्टेंबर 2015 ला दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतल्या 'लायगो'च्या दोन वेधशाळांनी टिपल्या, दोघींच्या नोंदीत अंतर सुमारे 7 मिलिसेकंद. यंत्रांचे एकमत तेवढ्यात झाले. माणसांनी तपासून, घासूनपुसून निष्कर्ष जाहीर केला तो 11 फेब्रुवारी 2016 ला, आणि त्या निबंधावर हजाराहून अधिक नावे होती, त्यांत पुण्याच्या आयुकातलीही. हजार माणसांना एका मजकुरावर आणायचे काम "काही हरकत असल्यास कळवावे" अशा मेलने झाले असेल, असे कुणी म्हणाले तर मी त्याला आमच्या सोसायटीचा सचिव करायला तयार आहे. तिथे माणसे चाळीसच आहेत. लायगोची आपली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला व्हायची आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने 2600 कोटी मंजूर केले. संस्था चार : पुणे, गांधीनगर, इंदूर आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा. त्या चौघांची वेळ जुळवणारा जो कोणी बंधू असेल, त्याला माझा नागपुराहून नमस्कार.

त्या मेनंतर मी दोन नियम करून घेतले. एक, विषय नाही म्हणून मीटिंग रद्द होणार नाही. फार तर दहा मिनिटांत संपेल. दोन, गैरसोय आळीपाळीने. यावर मात्र रण माजले. "तुम्ही नागपूरकर मध्यभागी आहात, तुम्हाला सगळंच सोयीचं," असे प्राध्यापक हसून म्हणाले. आमच्याकडे झिरो माइलचा दगड आहे खरा. पण त्याचा अनुभव असा, की देशाच्या मध्यभागी असणाऱ्याला सगळीकडे सारखेच लांब जावे लागते. 1953 च्या नागपूर करारात अख्ख्या राज्य सरकारने वर्षातून एकदा नागपुरात येऊन बसायचे ठरले, ते काय सोय बघून? मुंबईहून फायलींचे गठ्ठे उचलून आणण्यात कुणाची सोय आहे? गैरसोय वाटून घ्यायची म्हणूनच ना? (डिसेंबरात येतात, संत्री पिकल्यावर, तो भाग वेगळा.)

शेवटी पावसाळ्याचे तीन महिने मीटिंग आमच्या सकाळी नऊला ठरली. कोलोरॅडोत तेव्हा रात्रीचे साडेनऊ. प्राध्यापकांचे फिरणे बुडते. इंग्लंडात पहाटेचे साडेचार वाजतात, म्हणून ते गृहस्थ त्या तीन महिन्यांत इतिवृत्तावर भागवतात. पोरगा मात्र पर्जन्यमापक वाचून ताजा आकडा घेऊन येतो, आणि आता त्याला कुणी "हजर" म्हणायला लावत नाही.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. मंगळवार, साडेसात, विषय नाही. सात जण आले. वीस मिनिटांत आटपले. प्राध्यापक म्हणाले, "बघा, झाला ना तास फुकट!" सगळे गेले. मी मात्र तिथेच बसून राहिलो, कारण इंग्लंडची घड्याळे अजून हलली नव्हती आणि साडेआठला कोण उगवणार हे मला ठाऊक होते. सौ. दोनदा डोकावून गेली. "संपली ना तुमची मीटिंग? मग पान वाढू?" म्हटले, थांब, एक जण यायचा आहे.

बरोबर साडेआठला गृहस्थ आले, प्रसन्न. मी इंग्रजीत दिलगिरी, त्यांनी इंग्रजीत दिलगिरी. मग काय बोलायचे म्हणून मी त्यांच्याकडच्या पावसाची चौकशी केली; इंग्रज माणसाशी दुसरे बोलणार काय? ते म्हणाले, चालू आहेच. सहज म्हणून विचारले, तुमच्याकडे तो मोजतात कधी? म्हणाले, सकाळी नऊला. आणि लिहिता कुठल्या तारखेला?

"अर्थात आदल्या दिवसाच्या," ते म्हणाले. "हे तर सर्वांनाच माहीत आहे."

मी सौ.ला म्हटले, पान झाकून ठेव. आणि विषयपत्रिकेचा कागद पुढे ओढला.